अठ्ठेचाळीस की सेहेचाळीस? मानवी गुणसूत्रांच्या मोजणीचा इतिहास

१/
२२ डिसेंबर १९५५. दक्षिण स्वीडनमधील लुंड येथील आनुवंशिकी संस्थेत पहाटेचे दोन वाजले होते. छत्तीस वर्षांचा एक संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली मानवी पेशीतील गुणसूत्रे मोजत होता. जगातील सर्व पाठ्यपुस्तकांप्रमाणे ती ४८ भरायला हवी होती. प्रत्यक्षात ती ४६ भरली. पेशीमागून पेशी तपासली, तरी आकडा ४६ च येत राहिला.

२/
या प्रसंगाचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा निबंध प्रसिद्ध केला होता. आनुवंशिकतेच्या रेणूची घडण कळली होती. पण तो रेणू माणसाच्या पेशीत किती गुणसूत्रांत वाटलेला असतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे होते. तीस वर्षांहून अधिक काळ ते चुकीचेच शिकवले जात होते. ही चूक टिकली कशी आणि सुधारली कशी, त्याचा हा इतिहास.

३/
प्रथम या आकड्याचे महत्त्व. शरीरातील पेशी विभागण्यापूर्वी आपल्या सर्व आनुवंशिक द्रव्याची प्रत तयार करते. मग केंद्रकातील लांबलचक धागे आखडून जाड होतात आणि गुणसूत्रे म्हणून दिसू लागतात. चरख्याच्या चातीसारख्या आकाराची तंतूंची एक रचना त्यांना दोन टोकांकडे ओढते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. हे सूत्री विभाजन. अंडे व शुक्राणू घडताना मात्र संच निम्मा होतो. हे अर्धगुणसूत्री विभाजन. पुढे दोन निम्मे संच एकत्र आले की पुन्हा पूर्ण संख्या तयार होते. पिढ्यान्‌पिढ्या हा हिशेब जुळत राहतो, म्हणूनच माणसाच्या पोटी माणूस जन्मतो.

४/
हे विभाजन बारकाईने पाहून त्याचे टप्पे क्रमाने मांडणारा शास्त्रज्ञ म्हणजे जर्मनीतील कील विद्यापीठाचा वाल्थर फ्लेमिंग. पेनिसिलिनवाला फ्लेमिंग तो वेगळा. याने सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्या निवडल्या, कारण त्यांच्या पेशी मोठ्या असतात. कापड रंगविण्यासाठी निघालेले नवे कृत्रिम रंग वापरल्यावर केंद्रकातील धागे उठून दिसले. १८८२ च्या आपल्या ग्रंथात त्याने धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या क्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव रूढ केले. मराठीतील ‘सूत्री विभाजन’ हा शब्दही त्याच धाग्याची आठवण ठेवतो.

५/
१८८८ मध्ये हाइनरिख वाल्डायर याने या रंग धरणाऱ्या देहांना ‘क्रोमोसोम’ असे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत थिओडोर बोव्हेरी आणि अमेरिकेत वॉल्टर सटन यांनी मांडले की, मेंडेलने वाटाण्याच्या प्रयोगांतून ताडलेले आनुवंशिक घटक या गुणसूत्रांवरच असले पाहिजेत. तेव्हापासून प्रत्येक जीवजातीची गुणसूत्रे मोजणे हे पेशीशास्त्राचे महत्त्वाचे काम झाले. गहू, मका, फळमाशी यांचे आकडे मिळत गेले. माणसाचा आकडा मात्र हाती लागेना.

६/
अडचण तंत्राची होती. त्या काळी ऊतीचा तुकडा मेणात बसवून त्याचे अतिपातळ काप घेत. माणसाची गुणसूत्रे पुष्कळ आणि लहान, शिवाय केंद्रकात एकमेकांवर रचलेली. काप घेताना एखादे गुणसूत्र मध्येच कापले गेले, तर त्याचे दोन तुकडे दोन गुणसूत्रे म्हणून मोजले जात. दोन गुणसूत्रे एकमेकांवर पडली, तर ती एक भासत. निरीक्षक दिसेल ते हाताने रेखाटून घेई. कोठे एक संपते व दुसरे सुरू होते, हे अखेर त्याच्या अंदाजावर ठरे.

७/
त्यामुळे आकडे फार वेगवेगळे आले. १९१० मध्ये अमेरिकेतील मायकल गायर याने कृष्णवर्णीय पुरुषांच्या ऊतींवरून २२ ही संख्या दिली. १९१२ मध्ये बेल्जियममधील हान्स फॉन विनिवार्टर याने युरोपीय पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत ४८ गुणसूत्रे असल्याचे सांगितले. या तफावतीचा उघड अर्थ असा होता की, किमान एक मोजणी चुकली आहे. तरीही हा फरक वंशाचा असू शकेल, अशी शक्यता काही शास्त्रज्ञांनी गंभीरपणे मांडली. वर्णभेद जेथे कायद्यात आणि व्यवहारात मुरला होता, तेथे तो सूक्ष्मदर्शकाखालीही शोधला गेला.

८/
हा वाद मिटविण्यासाठी टेक्सस विद्यापीठाचा थिओफिलस पेंटर पुढे आला. विभागणाऱ्या पेशी वृषणाच्या ऊतीत मोठ्या संख्येने सापडतात. पण ती ऊती ताजी हवी. पेंटरला ती ऑस्टिन येथील सरकारी मनोरुग्णालयातून मिळाली. तेथील तीन रुग्णांची वृषणे शस्त्रक्रियेने काढण्यात आली होती. दोघे कृष्णवर्णीय, एक तरुण श्वेतवर्णीय. शस्त्रक्रियेचे कारण म्हणून निबंधात अतिरेकी हस्तमैथुन आणि मनोविकार यांची नोंद आहे.

९/
आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळच्या अमेरिकेत मात्र अशा कृतीला विद्वत्तेचा आधार होता. इंडियाना राज्याने १९०७ मध्येच सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला होता आणि ‘अयोग्य’ माणसांची संतती रोखणे हे समाजहिताचे कार्य मानले जात होते. मानवी गुणसूत्रांच्या मोजणीतील एक निर्णायक टप्पा या तीन माणसांच्या शरीरावर उभा आहे. शास्त्राच्या इतिहासात ती केवळ नमुने म्हणून येतात.

१०/
१९२१ च्या प्राथमिक टिपणात पेंटरने लिहिले की संख्या ४६ किंवा ४८ असावी. आणि आतापर्यंत पाहिलेल्या सर्वांत स्पष्ट पेशींत आपल्याला ४६ च आढळली. म्हणजे योग्य आकडा त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेला होता. १९२३ च्या सविस्तर निबंधात मात्र त्याने ४८ हा निर्णय दिला. त्याच निबंधातील दोन निष्कर्ष अचूक ठरले: पुरुषात वाय गुणसूत्र असते, आणि कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय यांच्या गुणसूत्रांची संख्या एकच असते.

११/
४८ हा आकडा पुढे लवकरच रूढ झाला. इतर काही संशोधकांनीही ४८ मोजल्याचे कळविले. पेंटरची कीर्तीही वाढत गेली. १९३३ मध्ये त्याने फळमाशीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांचे महत्त्व दाखवून दिले. ते काम आजही मोलाचे मानले जाते. अशा निष्णात निरीक्षकाची मोजणी चुकली असेल, हे कोणाच्या मनात येणार? ज्याला ४६ दिसत, तो आपलीच पेशी अपुरी किंवा काप सदोष समजे. ज्याला ४८ दिसत, तो मोजणी थांबवून निश्चिंत होई.

१२/
येथे पेंटरच्या चरित्रातील दुसरे प्रकरण येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो टेक्सस विद्यापीठाच्या अध्यक्षपदी पोहोचला. १९४६ मध्ये ह्यूस्टनमधील हेमन स्वेट या कृष्णवर्णीय टपालवाटपकाने विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. त्याच्या पात्रतेत काहीही कमी नव्हते. केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला. प्रकरण न्यायालयात गेले आणि विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणून प्रतिवादीच्या जागी पेंटरचे नाव आले.

१३/
टेक्ससने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय उघडले. स्वेटच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांत थर्गुड मार्शल होते. तेच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने स्वेटच्या बाजूने निकाल दिला. ‘स्वेट विरुद्ध पेंटर’ हा खटला चार वर्षांनी आलेल्या ‘ब्राउन’ निकालाची पायरी ठरला. दोन्ही वर्णांच्या पेशींत एकच संख्या असल्याचे १९२३ मध्ये लिहिणाऱ्या माणसाचे नाव अशा रीतीने वर्णविभाजनाच्या बाजूने इतिहासात नोंदले गेले.

१४/
त्याच टेक्ससमध्ये मोजणीच्या कोंडीतून वाट सापडली, तीही एका चुकीमुळे. चीनमधून आलेला टी. सी. शू हा तरुण गॅल्व्हस्टन येथील प्रयोगशाळेत गर्भाच्या ऊतींतील पेशी काचपात्रात वाढवीत होता. एके दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्याला गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी, मोकळी पसरलेली दिसली. असे दृश्य त्याने पूर्वी पाहिले नव्हते. पुन्हा प्रयोग केला, तर काहीच दिसेना.

१५/
सुमारे तीन महिने त्याने एकेक घटक बदलून पाहिला. अखेर उलगडा झाला: पेशी धुण्याचे क्षारद्रावण त्या दिवशी चुकून पातळ झाले होते. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तशी पातळ द्रावणात पेशी फुगते. आतील गुणसूत्रे एकमेकांपासून दूर होतात. द्रावण तयार करताना कोणा साहाय्यकाने माप चुकवले असावे, असा तर्क शूने नंतर केला. ते माणूस कोण, हे कधीच निश्चित झाले नाही.

१६/
१९५२ मध्ये शूने या पद्धतीने पाहिलेल्या मानवी गुणसूत्रांवर निबंध प्रसिद्ध केला. आता गुणसूत्रे स्वच्छ दिसत होती, विलग होती, मोजता येत होती. निबंधातील आकडा कोणता? ४८. साधन सुधारले, तरी अपेक्षा जुनीच होती. संदिग्ध जागी मन नकळत रूढ आकड्याकडे झुकले. शूने पुढे आपल्या आठवणींत ही हुकलेली संधी मोकळेपणाने नोंदवून ठेवली, हे त्याचे मोठेपण.

१७/
आता पुन्हा लुंडकडे. त्या पहाटे सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या संशोधकाचे नाव जो हिन चिओ. १९१९ मध्ये जावा बेटावर, तेव्हाच्या डच ईस्ट इंडिजमध्ये, चिनी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील छायाचित्रकार, ती कला मुलानेही आत्मसात केली. शिक्षण कृषिशास्त्राचे, आरंभीचे काम बटाट्याच्या संकरावर. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांनी त्याला छावणीत डांबले आणि त्याचा छळ केला. युद्धानंतर तो युरोपात आला आणि १९४८ पासून स्पेनमधील सारागोसा येथे वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करू लागला. सुट्टीत तो लुंडला आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत जाई.

१८/
लेव्हानही मूळचे वनस्पतिपेशींचे अभ्यासक. वनस्पतींवर काम करणाऱ्यांना दोन युक्त्या चांगल्या अवगत होत्या. पहिली कोल्चिसिनची. कोल्चिकम या वनस्पतीपासून मिळणारे आणि संधिवाताच्या एका प्रकारावर जुन्या काळापासून दिले जाणारे हे द्रव्य चातीची रचना मोडते. त्यामुळे विभाजन ऐन मध्यावर थबकते आणि गुणसूत्रे आखूड व ठळक दिसतात. दुसरी, काप न घेता अख्खी पेशी काचेखाली हलकेच दाबून चपटी करण्याची. या दोन्हींना चिओ आणि लेव्हान यांनी शूच्या पातळ द्रावणाची जोड दिली. पूर्वी गुणसूत्रे कापली जात होती, आता ती अखंड राहिली.

१९/
चार मानवी गर्भांच्या फुप्फुसाच्या ऊतींपासून वाढविलेल्या पेशी त्यांनी तपासल्या. २६१ पेशींतील गुणसूत्रे मोजली. आकडा ४६. चिओने घेतलेली छायाचित्रे इतकी स्वच्छ होती की कोणीही स्वतः मोजून पाहावे. हाताने काढलेल्या रेखाटनावर विश्वास ठेवावा लागतो. छायाचित्रावर वाचकालाही बोट ठेवून मोजता येते. ही मोजणी मान्य होण्यात या फरकाचा मोठा वाटा होता.

२०/
२६ जानेवारी १९५६ रोजी ‘हेरेडिटास’ या नियतकालिकात निबंध आला. त्याच्या अखेरीस एक प्रामाणिक नोंद आहे. आदल्या वसंत ऋतूत लुंडमध्येच एव्हा हान्सेन-मेलांडर आणि त्यांचे सहकारी मानवी गर्भाच्या यकृतातील पेशी तपासत होते. ते काम त्यांनी तात्पुरते थांबविले, कारण ४८ गुणसूत्रे काही केल्या सापडेनात. त्यांच्या मोजणीत पुनःपुन्हा ४६ च येत होती! शोध हाती आला होता. तो अपयश समजून बाजूला ठेवला गेला.

२१/
या निबंधाच्या श्रेयावरूनही ताण निर्माण झाला. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून लेव्हान यांचे नाव प्रथम यावे, अशी तत्कालीन युरोपीय रीत होती. चिओने आपले नाव प्रथम यावे असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधील हार्वेल येथे चार्ल्स फोर्ड आणि जॉन हॅमर्टन यांनी वृषणातील पेशींत, अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी, गुणसूत्रांच्या २३ जोड्या मोजल्या. शरीरपेशींत ४६ आणि प्रजननपेशी घडताना २३ जोड्या: दोन्ही बाजूंनी हिशेब जुळला.

२२/
दोन गुणसूत्रे कमी भरल्याने कोणाचे काय बदलले? याचे उत्तर तीन वर्षांत पॅरिसमध्ये मिळाले. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने काही मंदबुद्धी मुलांत समान लक्षणे असल्याचे नोंदविले होते आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्या स्थितीचा संबंध मंगोल लोकांशी जोडला होता. हे अपमानास्पद नाव शंभर वर्षे चालले. कारण न कळल्याने दोष आईबापांवर येई. उपदंश, मद्यपान अशा कारणांकडे बोट दाखवले जाई. आपल्या हातून काही पाप घडले, या ओझ्याखाली कुटुंबे जगत होती.

२३/
२६ जानेवारी १९५९ रोजी जेरोम लजन, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पां यांचा निबंध आला: या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असतात. हे अधिकचे गुणसूत्र पुढे एकविसावे म्हणून ओळखले गेले. अंडे किंवा शुक्राणू घडताना एक जोडी विलग न झाल्याने बहुधा असे घडते. त्यात आईबापांच्या वर्तनाचा दोष नसतो. ४८ हा आकडा प्रमाण मानला असता, तर ४७ म्हणजे एक जास्त नव्हे, एक कमी ठरले असते. मूळ मोजणी दुरुस्त झाली, म्हणूनच या आजाराचे कारण दिसू शकले.

२४/
श्रेयाचा प्रश्न येथेही उरला. पेशी वाढविण्याचे तंत्र अमेरिकेतील हार्वर्डमधून शिकून येऊन पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात अपुऱ्या साधनांत ती प्रयोगशाळा उभारली, ती मार्त गोतिए यांनी. कीर्ती मात्र लजन यांच्या वाट्याला आली. पन्नास वर्षांनी गोतिए यांनी आपली बाजू लिहिली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मत दिले की, शोधाच्या आरंभीच्या टप्प्यात लजन यांचा वाटा प्रमुख असण्याची शक्यता कमी आहे. गोतिए यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

२५/
१९५९ मध्येच टर्नर आणि क्लाइनफेल्टर या विकारांमागील गुणसूत्रांतील फरक समजले. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात ठरावीक विकृत गुणसूत्र आढळले. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते जुने वंशवाचक नाव वापरणे सोडले. आणि ४८? ती संख्या खरोखरच आहे, पण चिंपांझीची. मानवाच्या पूर्वजांत दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एक झाले. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र ते हेच.

२६/
पेंटरला १९२१ मध्ये सर्वांत स्पष्ट पेशींत ४६ दिसली होती. मेलांडर गटाला ती पुनःपुन्हा दिसली. शूला मोजण्याजोगी गुणसूत्रे प्रथम दिसली. चिओ आणि लेव्हान यांचे वेगळेपण असे की, मोजलेली संख्या आणि छापील संख्या यांत अंतर पडले, तेव्हा त्यांनी मोजलेली संख्या लिहिली. आज कोणत्याही रुग्णालयातील गुणसूत्र-तपासणीच्या अहवालात सर्वप्रथम एकूण गुणसूत्रांची संख्या लिहिली जाते. मूल अपेक्षित असलेली जोडपी तो अहवाल उघडतात, तेव्हा त्यांची नजर प्रथम ज्या आकड्याचा शोध घेते, तो ४६.